तापात आकडी आली तर आधी घड्याळाकडे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त रेल्वे गार्ड आहे. ३४ वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजून किती मिनिटांनी आली, कधी सुटली, कुठल्या सिग्नलला किती मिनिटं अडली, हे त्या त्या क्षणी जर्नलमध्ये लिहायचं, हे माझं काम. दोन मिनिटांचा हिशोब लागला नाही तर जाब द्यावा लागायचा. आणि माझ्याच मांडीवर माझा १६ महिन्यांचा नातू आकडी येऊन ताठला, तेव्हा मी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. घड्याळ समोरच्या भिंतीवरच होतं.

त्यामुळे काय झालं ते सांगावं आणि आपल्याकडे एक मागणी करावी, म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे. जागा कमी असेल तर माझी हकिगत कापा, पण शेवटी दिलेला चौकटीचा मजकूर तेवढा ठेवा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा आणि सून कामावर, घरात आम्ही दोघं आणि नातू. सकाळपासून त्याचं नाक वाहत होतं, पण ताप नव्हता. सूनबाई निघण्यापूर्वी थर्मामीटर लावून पाहून गेली होती. दुपारी झोपून उठला तेव्हा कपाळ जरा कोमट लागलं. सौ. म्हणाली, "औषध देऊ या का?" मी म्हटलं, "थांब, ती आल्यावर बघू." हे वाक्य पुढे कितीतरी महिने माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तो माझ्या मांडीवर बसून लाकडी ठोकळे एकावर एक ठेवत होता. हातातला ठोकळा खाली पडला. मी तो उचलायला वाकलो आणि लक्षात आलं की पोराने ठोकळ्याकडे पाहिलंच नाही. डोळे वर गेले होते, नुसता पांढरा भाग दिसत होता. मान मागे गेली, पाठीची कमान झाली, आणि मग दोन्ही हात, दोन्ही पाय एका ठेक्यात झटके द्यायला लागले. दातखीळ बसली. ओठ निळसर झाले. तोंडाच्या कोपऱ्यातून फेस आला. मी त्याच्या नावाने हाका मारत होतो आणि त्याला ऐकू जात नव्हतं. मला वाटलं, पोर हातचं गेलं.

हे लिहायला जड जातं, तरी लिहितो. बालरोगतज्ज्ञ बाईंनी नंतर सांगितलं की पहिली आकडी पाहणाऱ्या बहुतेक आईबापांना नेमकं हेच वाटतं, आपलं मूल आत्ता मरतंय असंच वाटतं. म्हणजे माझ्यासारखी घाबरलेली माणसं किती असतील याचा विचार करा. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात कधी ना कधी अशी आकडी येते. जपानमध्ये हे प्रमाण याहून जास्त आढळलं आहे, शंभरात सहा ते नऊ. इतकी नेहमीची गोष्ट, आणि ६६ वर्षांच्या आयुष्यात तिच्याबद्दल एक अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मी काय काय केलं ते. जीभ चावली जाईल म्हणून दातांत बोट घातलं. दुधाचे दात असले तरी ते बोट आठवडाभर सुजलेलं होतं. झटके थांबावेत म्हणून त्याचे हात घट्ट दाबून धरले. आवाज ऐकून शेजारच्या बाई धावत आल्या, त्यांनी चमचा आणला, तोही दातांत सारायचा प्रयत्न झाला आणि पुढच्या एका दाताचा टवका उडाला. शेवटी मी वाटीतून तोंडात पाणी घातलं. या सगळ्यात सौ.ने मात्र सुनेला फोन लावला. त्या फोनचं महत्त्व पुढे येईल.

आकडी थांबली. पोर एकदम सैल पडलं, क्षीण आवाजात रडलं आणि गाढ झोपी गेलं. आम्ही तसंच उचलून त्याला इस्पितळात नेलं. तिथे तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आकडी किती वेळ चालली?"

मी म्हणालो, "वीस मिनिटं तरी."

खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. मला खरोखर वीस मिनिटं वाटली होती. त्यांनी कागदावर '२० मिनिटं' लिहिलं आणि त्या एका आकड्यावरून पुढचं सगळं हललं. दाखल करून घ्या, डोक्याचा स्कॅन करावा लागेल, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, मेंदूचा आलेख काढू. सून तोवर पोचली होती. पाठीतलं पाणी हे शब्द ऐकून ती खालीच बसली.

त्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. मी दिलेल्या माहितीवर त्यांनी योग्य तेच केलं. कारण तापातल्या आकडीचे दोन प्रकार मानतात. संपूर्ण अंगाला आलेली, १५ मिनिटांच्या आत थांबलेली आणि २४ तासांत पुन्हा न आलेली, ती साधी आकडी. १५ मिनिटांपेक्षा जास्त चाललेली, किंवा शरीराच्या एकाच बाजूला आलेली, किंवा त्याच दिवसात परत आलेली, ती गुंतागुंतीची. साध्या आकडीनंतर मूल नेहमीसारखं शुद्धीवर आलं आणि तपासणीत दुसरं काही संशयास्पद दिसलं नाही, तर मेंदूचा स्कॅन किंवा आलेख काढायची गरज नसते. ताप कशाने आला ते शोधायचं, एवढंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली हे लेखी सांगितलं आहे. पण आकडी २० मिनिटं चालली म्हटल्यावर डॉक्टरांना दुसऱ्या वाटेने जावंच लागतं.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टर आल्या. त्यांनी नातवाला तपासलं. तो जागा झाला होता, आईच्या कानातल्या डुलाशी खेळत होता. त्यांनी मान वाकवून पाहिली, टाळू पाहिली, अंगावर कुठे पुरळ आहे का पाहिलं. मग मला म्हणाल्या, "आजोबा, आकडी चालू असताना कुणाला फोन केला होता का?"

"हिने सुनेला केला होता."

"फोन दाखवा बघू."

फोनमध्ये नोंद होती. ४ वाजून १२ मिनिटं, बोलणं २ मिनिटं ३८ सेकंद. सून म्हणाली, "फोन ठेवायच्या जरा आधी मला त्याचं रडणं ऐकू आलं होतं." डॉक्टरांनी सौ.ला विचारलं, आकडी सुरू झाल्यावर किती वेळाने फोन लावलात. ती म्हणाली, "फोन टेबलावरच होता. यांनी हाक मारली, मी स्वयंपाकघरातून आले, पोराला पाहिलं आणि लावला. वेळ असा घालवलाच नाही." धरा एक मिनिट. म्हणजे सगळी आकडी चार मिनिटांच्याही आतली.

संपादक महोदय, ज्या माणसाने आयुष्यभर मिनिटं लिहिली त्याने चार मिनिटांची वीस केली. डॉक्टर म्हणाल्या, "सगळेच करतात, आजोबा. त्या वेळी कुणालाच वेळ कळत नाही. म्हणून तर घड्याळ पाहायचं." कागदावरचा आकडा त्यांनी खोडून दुरुस्त केला, बाजूला सही केली. स्कॅन रद्द, पाठीतल्या पाण्याची तपासणी रद्द. रात्रभर देखरेखीखाली ठेवून सकाळी घरी सोडलं. निदान काय, तर साधा विषाणूचा ताप.

मेंदूज्वराची शंका असेल तेव्हा मात्र पाठीतलं पाणी तपासावंच लागतं आणि त्याला घाबरून नकार देऊ नये. मान आखडलेली, मूल शुद्धीवर न येता गुंगीतच राहिलेलं, सारख्या उलट्या, लहान बाळाची टाळू फुगलेली, अंगावर दाबून न जाणारे जांभळे डाग, यांपैकी काहीही दिसलं तर एक क्षण दवडू नये. आणि पहिल्या आकडीनंतर, ती दोन मिनिटांत थांबली तरी, मुलाला डॉक्टरांना दाखवायचंच. 'साधी' हा शब्द डॉक्टरांनी तपासल्यानंतर वापरायचा, आपण घरबसल्या नाही.

त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर सून एकच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणत होती, "मी आज रजा घ्यायला हवी होती." मुलगा गप्प. आणि मी, ज्याने औषध द्यायला नको म्हटलं होतं, मला तर तोंड वर करून तिच्याकडे पाहवत नव्हतं. सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा मी ते बोलून टाकलं. म्हणालो, "डॉक्टर, दोष माझा आहे. मी औषध वेळेवर दिलं असतं तर हे झालं नसतं."

त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या की तापाचं औषध देऊन ही आकडी टाळता येते असं खात्रीने म्हणता येत नाही, त्यावर परदेशांत नीट चाचण्या झाल्या आहेत. पॅरासिटामॉल द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून, अंगदुखी कमी व्हावी, त्याने पाणी प्यावं म्हणून. आकडी पुष्कळदा तापाच्या पहिल्याच दिवशी येते. कधीकधी तर घरच्यांना ताप आहे हे आकडी आल्यावरच कळतं. ताप किती चढला हेही निर्णायक नसतं. १०४ ताप असून काही मुलांना काही होत नाही आणि १०१ वर काहींना आकडी येते. "तुम्ही चार वाजता औषध दिलं असतं तरी ते पोटात विरघळायच्या आत आकडी येऊन गेली असती," त्या म्हणाल्या. हे त्या सुनेकडे पाहून म्हणाल्या आणि मग माझ्याकडे पाहून. मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. या आजारात मुलाचं नुकसान सहसा होत नाही. नुकसान होतं ते घराचं, जेव्हा माणसं एकमेकांना दोषी ठरवायला लागतात. आमच्या घरात ते थांबलं, कारण एका डॉक्टरांनी पाच मिनिटं बसून बोलायचं ठरवलं.

मग त्यांनी विचारलं, घरात लहानपणी कुणाला असं झालं होतं का. आम्ही सगळे नाही म्हणालो. आठ दिवसांनी मोठ्या बहिणीचा फोन आला. ती माझ्याहून ११ वर्षांनी मोठी. हकिगत ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अरे, तुलाही येत होत्या. दोनदा आली होती. आईने शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही."

माझी ६६ वर्षं झाल्यावर मला हे कळलं. आईला दोष देत नाही. तिला वाटलं असेल, पोराला फेफरं आहे म्हणून लोक बोट दाखवतील. पण त्या शपथेमुळे माझ्या मुलाच्या लहानपणी आम्हाला सावध राहता आलं नाही आणि नातवाच्या वेळी डॉक्टरांना आम्ही चुकीचं उत्तर दिलं. ही आकडी पुष्कळदा घराण्यात असते. आईबाप, भावंडं, आजीआजोबा, कुणाला तरी आलेली असते. ती लपवली की पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून घाबरावं लागतं. आमच्याच एका जवळच्या नातेवाइकाने मला सल्ला दिला, "बाहेर बोलू नका." म्हणूनच मी वर्तमानपत्राला लिहितो आहे.

आणि हे फेफरं नव्हे. फेफरं, म्हणजे अपस्मार, त्यात तापाशिवाय आकडी पुन्हापुन्हा येते. साधारण शंभरातल्या एका माणसाला अपस्मार होतो. तापात साधी आकडी येऊन गेलेल्या मुलांत तो धोका शंभरात एक ते दोन इतकाच राहतो. गुंतागुंतीच्या आकडीत तो वाढतो, पण तिथेही बहुसंख्य मुलांना अपस्मार होत नाही. बुद्धीवर परिणाम होईल का, ही तर प्रत्येक आईची भीती. ब्रिटनमध्ये १९७० साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा पुढे वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यातली ज्यांना तापात आकडी आली होती अशी मुलं दहाव्या वर्षी अभ्यासात, बुद्धीत, वागण्यात बाकीच्या मुलांइतकीच चांगली निघाली. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सून पहिल्यांदा रडली. तोवर तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं.

एका परिचिताने रोजची गोळी सुरू करण्याचा आग्रह धरला होता, त्यांच्या नात्यातल्या मुलाला दोन वर्षं दिली होती म्हणून. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. साध्या आकडीसाठी रोज फिनोबार्बिटोनसारखं औषध देणं म्हणजे रोगापेक्षा उपाय वाईट. हे औषध घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक कमी भरल्याचं १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आलं होतं. काही मुलांना तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतं औषध देतात, पण त्याने मूल गुंगीत राहतं, चालताना तोल जातो आणि मग खऱ्या मेंदूज्वराची गुंगी ओळखू येत नाही. ते कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं.

आम्हाला त्यांनी एक नाकात मारायचा फवारा लिहून दिला, मिडाझोलामचा. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तरच वापरायचा. किती मारायचा ते मुलाच्या वजनावर ठरतं, म्हणून दर काही महिन्यांनी विचारून घ्यायचं आणि मुदत संपायची तारीख पाहायची. "पाच मिनिटं" हा आकडा त्यांनी माझ्या हातावर बोटाने लिहून दाखवला. बहुतेक आकड्या एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांनंतर त्या आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून तिथे रेघ ओढलेली आहे. रेल्वेच्या माणसाला हे चटकन कळतं. सिग्नल केव्हा ओलांडला हे माहीत नसेल तर पुढचा कुठलाच निर्णय घेता येत नाही.

लसीचंही सांगतो, कारण तिथे आम्ही मोठी चूक करणार होतो. गोवराच्या लसीचा डोस यायचा होता. लसीने ताप येतो, तापाने आकडी येते, म्हणून आम्ही म्हातारी माणसं म्हणालो, राहू द्या ती लस. डॉक्टरांनी समजावलं. गोवर, गालगुंड, रुबेला या एकत्रित लसीनंतर साधारण आठ ते चौदा दिवसांत ताप येऊ शकतो आणि काही हजार डोसांमागे एखाद्या मुलाला आकडी येते. खरा गोवर झाला तर हजारातल्या एका मुलाच्या मेंदूला सूज येते, त्यात मूल दगावू शकतं किंवा कायमचं अधू होऊ शकतं. हा हिशोब ऐकल्यावर आम्ही तारीख चुकवली नाही. त्याला ताप आला, उतरला, आकडी आली नाही.

पहिल्या आकडीनंतरचे आठ महिने मात्र आम्ही फार वाईट काढले. रात्री एक वाजता, तीन वाजता उठून कपाळाला हात लावायचा. झोपलेल्या पोराला उठवून थर्मामीटर लावायचा. एकदा साध्या सर्दीत मी त्याला गार पाण्याने पुसत बसलो आणि तो हुडहुडी भरून थरथरत होता. गार पाण्याने कातडी गार होते, मूल कुडकुडतं आणि ताप हटत नाही, उलट त्याला त्रास होतो. हेही नंतर कळलं. पुन्हा आकडी येण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर जवळपास निम्म्या मुलांना पुन्हा येते. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, ते बरं केलं. "येऊच नये यासाठी रात्रभर जागू नका, आली तर काय करायचं ते पाठ करा," असं त्या म्हणाल्या. मला हे पटायला वेळ लागला.

नातू दोन वर्षांचा असताना दुसरी आली. सकाळची वेळ, सगळे घरात. ताप आदल्या रात्रीपासून होता. मी त्याला अंथरुणावरून उचलत होतो आणि हातातच तो ताठ झाला. माझे पाय पहिल्यासारखेच लटपटले, माहिती असल्याने भीती जाते असं मुळीच नाही. पण तोंडातून शब्द आले, "आठ सदतीस." घड्याळात आठ वाजून ३७ मिनिटं झाली होती. सून म्हणाली, "बाबा, खाली ठेवा त्याला." मी त्याला जमिनीवर सतरंजीवर ठेवला, डाव्या कुशीवर वळवला, म्हणजे लाळ, फेस तोंडातून बाहेर गळून जाईल, घशात जाणार नाही. सुनेने सदऱ्याचं वरचं बटण काढलं, आजूबाजूचे ठोकळे सरकवले. मुलाने फोनवर चित्रण सुरू केलं. कुणी त्याला धरलं नाही, कुणी तोंडाजवळ काही नेलं नाही. सौ. फवारा हातात घेऊन उभी होती. मी मोठ्याने सेकंद मोजत होतो, कारण माझ्या आवाजाने बाकीच्यांना आधार वाटत होता, असं सून नंतर म्हणाली.

एक मिनिट ५० सेकंद. फवारा वापरावा लागला नाही.

डॉक्टरांनी चित्रण पाहिलं, दोन्ही बाजूंचे हातपाय सारखे हलत आहेत ना ते पाहिलं, तपासलं, कान आतून लाल झालेला सापडला, त्याचं औषध दिलं. तासाभरात आम्ही घरी होतो. ना दाखल करणं, ना तपासण्या. मूल तेच, आकडी तशीच. पहिल्या वेळी डॉक्टरांना आम्ही अंदाज सांगितला होता, या वेळी वेळ सांगितली.

त्यानंतर आली नाही. आता तो साडेपाच वर्षांचा आहे, म्हणजे ज्या वयात ही आकडी येते ते वय मागे पडलं. माझं जुनं जर्नल तो चित्रं काढायला वापरतो. त्याला अंक ओळखता येतात आणि तो स्टेशनांच्या नावांपुढे आपल्या मनाने वेळा लिहितो.

आता मागणी. मला जे सांगितलं गेलं ते सगळं आकडी येऊन गेल्यानंतर. जन्मापासून पहिल्या वर्षभरात प्रत्येक मूल लसीसाठी चार-पाच वेळा तरी दवाखान्यात जातं. वजन होतं, उंची होते, पुढची तारीख कार्डावर लिहिली जाते. सहाव्या महिन्याच्या आसपास त्याच भेटीत दोन मिनिटं काढून आईबापांना हे सांगता येणार नाही का? आणि त्यांना हेही सांगावं, की हे आजीआजोबांना, पाळणाघरातल्या ताईंना, घरी मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाला सांगा. आकडी काही आईबाप घरी यायची वाट पाहत नाही. लसीच्या कार्डाच्या मागे चार ओळी छापायला फारसा खर्च येणार नाही. काही डॉक्टर म्हणतील, आधीच सांगून लोकांना कशाला घाबरवायचं. मी त्यांना विनंती करतो की त्यांनी एकदा त्या चार मिनिटांचा विचार करावा. आधी माहीत असतं तरी मी घाबरलो असतोच, पण नातवाच्या तोंडात पाणी ओतलं नसतं. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकलं असतं. आकडीने नव्हे, माझ्या हाताने त्याचं वाईट झालं असतं.

कार्डावर छापून येईल तेव्हा येईल. तोवर आपण आपल्या अंकात एक लहान चौकट छापावी, कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवता येईल एवढी. मजकूर मी आमच्या डॉक्टरांना दाखवून घेतला आहे. तो असा:

"लहान मुलाला तापात आकडी आली तर घड्याळ पाहा, वेळ मोठ्याने बोला. मुलाला जमिनीवर किंवा सपाट जागी कुशीवर वळवा. गळ्याजवळचे कपडे सैल करा, टोचणाऱ्या वस्तू दूर करा. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. गार पाण्यात बसवू नका. दुसरं कुणी असेल तर चित्रण करायला सांगा. पाच मिनिटांत थांबली नाही, थांबून पुन्हा आली, श्वासाला त्रास होत असेल किंवा मूल नंतर शुद्धीवर येत नसेल, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. आकडी पहिलीच असेल, तर लवकर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूल सहा महिन्यांहून लहान किंवा पाच वर्षांहून मोठं असेल तर हा साधा प्रकार समजू नका."

चौकट कोणत्या दिवशी छापणार ते कळवलंत तर उपकार होतील. त्या दिवशी अंकाच्या जास्तीच्या प्रती घेऊन मी लसीकरणाच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठेवणार आहे. डॉक्टरांची परवानगी मिळाली आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे गार्ड